सोनाजीच्या हातातली वीट

"हात तयार ठेव, वीट येऊन राहिली!"

हे सोनाजीचं कायमचं बोलणं. बाळापूरजवळच्या आमच्या गावातली निम्मी घरं या हाकेवर उभी राहिली. खालून सोनाजीनं वीट फेकायची, वर बांबूच्या परांचीवर जगन मिस्त्रीनं झेलायची. दोघांच्या हातांमधल्या मोकळ्या हवेत वीट पाखरासारखी हलकी व्हायची. असा फेकणारा आसपास दुसरा नव्हता, हे मी अभिमानानं लिहितो.

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. बोटं उशिरा उघडू लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी समजावलं, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची ते झेलते, तेव्हा निरोप पुढं जातो. तुमच्या मेंदूत एक रसायन बनवणाऱ्या पेशी मरत चालल्यात."

"म्हंजे फेकणारे कमी पडले. मग दुसरे लावा की, साहेब!"

"तिथं मजूर लावता येत नाहीत, सोनाजीराव. गोळ्यांनी थोडं भागेल."

त्याची बायको भागूबाई गोळी दुधासोबत देऊ लागली. गोळी गरम पडते, दूध तिला शांत करतं, ही आमच्याकडची समजूत. महिने गेले, गुण येईना. पुन्हा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुधानं ही गोळी अंगी लागत नाही. उपाशीपोटी पाण्यासोबत घ्या. भागूबाई वाटेभर रडली.

"म्या माझ्याच हातानं पाजलं की हो!"

"रडतीस काहून? दूध तर ग्वाड व्हतं."

पाण्यासोबत गोळी लागू पडली. तेव्हा गावातल्या बुद्धविहाराचा वरचा मजला चढत होता. त्या भिंतीला आपल्या हातची वीट लागावी, एवढाच सोनाजीचा हट्ट. सकाळी गोळी घेऊन तो उभा राहिला. विटा भराभर वर गेल्या.

"काका, म्हातारपण घरीच ठेवून आले का?" जगन हसला.

ऊन चढलं आणि गोळीचा जोर उतरला. सोनाजीनं हाक दिली, हात उचलला. झेलायला जगन पुढं झुकला, पण वीट आलीच नाही. जगनचा तोल गेला. बांबू हाताशी लागला म्हणून वाचला.

"सोडा ना, काका!"

"सोडूनच राहिलो, बाबा. सुटून न्हाई राहिली."

सोबत आलेल्या भागूबाईनं एकेक बोट उकलून वीट काढून घेतली. "जरा बसा. दुसऱ्या गोळीची येळ व्हईल आता."

सोनाजीनं वर जगनकडं पाहिलं. "त्याला लेकरं हायत," एवढंच बोलला.

मग बारीक बारीक पावलं टाकत, उजवा हात न हलवता, तो घराकडे निघाला. वळणाआड जाईपर्यंत जगन बांबू धरून त्याच्याकडे बघत राहिला.