दसऱ्याला पुजलेली फ्लॉपी

मैत्रिणींनो, आज माझी वाटच लागली होती!

काल दसऱ्याला आईने पुस्तकांसोबत माझ्या प्रोजेक्टची एकुलती एक फ्लॉपीही पूजेत मांडली आणि वर हळदकुंकू वाहिलं. मला अक्षरं तिनेच घरी शिकवली, त्यामुळे तिला नको म्हणवेना.

आज अंधेरीला कॉलेजात फ्लॉपी देताना मी आधीच सांगून टाकलं, "सर, हिला कुंकू लागलंय. मशीन बिघडलं तर?"

सरांनी ती रुमालाने पुसून लावली. स्क्रीनभर चुका आल्या!

"फ्लॉपी ठणठणीत आहे गं. प्रोग्रॅमच चुकलाय. सोमवारी दुरुस्त करून आण."

घरी आईला सांगितलं, तर म्हणाली, "बघ, माझी पूजा पोचली. अभ्यास तुझ्याकडे होता ना?"

तुमच्याही आया अशाच जिंकतात का गं?