खताची टणक गोळी

तापीकाठच्या आमच्या गावात मी शेणखताच्या गोळ्या करायला घेतल्या, तेव्हा अर्धं गाव हसलं. हसेनात का बापडे! कुजलेलं शेणखत आणि भुईमुगाची ढेप बारीक करायची, डांबराच्या रिकाम्या पिंपात घालायची आणि त्याला बसवलेलं हँडल फिरवत वरून पाणी शिंपडायचं. हरभऱ्याएवढ्या गोळ्या आपोआप वळतात. भुकटी वाऱ्याने उडते, गोळी केळीच्या बुंध्याशीच राहते. इतकी साधी गोष्ट, पण कोणाला पटेल तर शपथ!

त्यातून माझी गोळी टिकायची नाही. बैलगाडीतून शेतापर्यंत जाईतो पोत्यात निम्मी भुकटी. मी ढेप दोनदा चाळली, पिंपाचा कल बदलला, तांब्याने ओतण्याऐवजी केरसुणीने पाणी शिंपडलं, गुळाची मळीही घालून पाहिली. फरक पडला, पण भागण्यासारखा नाही.

घरचे कर्ते माझे थोरले काका. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "शनवारले केळीवाला येतीन. त्यासनी गोळी उचली ते पिंप ऱ्हाई. नही ते तू नवापूरले, मेव्हणाना दुकानवर."

दुकानात बसून तागडी धरायची? मी? त्यापेक्षा तापी जवळ होती, असं तेव्हा खरोखर वाटायचं.

बुधवारी माझी मती फिरली. विहिरीचा कठडा बांधून उरलेलं सिमेंट खळ्यात पडलं होतं. घमेलंभर उचललं आणि मिश्रणात मिसळलं. वळलेल्या गोळ्यांवर ओलं गोणपाट टाकून ठेवलं. शनिवारी सकाळी एक गोळी दाताखाली धरली, तर दातच कळवळला.

केळीवाले, म्हणजे आसपासचे केळीबागायतदार, सातआठ जण आले. आमच्याकडे कुठलाही माल आधी मुठीत आवळतात, मग बोलतात. त्यांनी गोळी आवळली, भिंतीवर फेकून मारली, पायाखाली घातली. ती हूं की चूं करेना. "वा रे भो!" एकाने माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पुढे झुकलो. टोपल्या भरायला लागल्या.

काका मात्र खाटेवर बसून होते. त्यांनी दोन गोळ्या उचलल्या, आपल्या पिण्याच्या लोट्यात टाकल्या आणि लोटा शेजारी ठेवला. चहा झाला, गप्पा झाल्या. काका मध्येच लोट्यात डोकावत. केळीला पहिलं पाणी मिळालं की गोळी फुटली पाहिजे, नाहीतर तिचा उपयोग खड्याएवढाच, हे न कळायला मी काही दुधखुळा नव्हतो. आता ओरडतील, मग ओरडतील, म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिलो. पहिली टोपली गाडीत चढली.

तेवढ्यात काकांनी लोटा उचलून तोंडाला लावायला घेतला. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"काका, पेऊ नका!"

"कसाले?" ते शांतपणे म्हणाले. "पाणी ते नितळ शे. काय टाकेल शे तू यामा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सिमेंट."

कोणी शिवी दिली नाही, हेच जास्त लागलं. भरलेल्या टोपल्या एकेक करून त्यांनी माझ्या पायांशी उपड्या केल्या आणि गाड्या जुंपल्या.

अंगणात आम्ही दोघंच उरलो. काका म्हणाले, "पिंप आजच भंगारमा जाई."

"आणि मी? नवापूरले?"

"नही. तू ऱ्हाय. खरं सांगाले तोंड उघाडं तू."

मला रडू फुटलं, तेही संतापाचं. त्या घटकेला मला कोणी विचारलं असतं, तर मी उलटंच मागितलं असतं. म्हटलं असतं, मला हाकला, पण पिंप राहू द्या.