डॅशबोर्डवरची काडेपेटी

केळीच्या चेंबरचं काम करणाऱ्या मिस्त्रीनं मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. घासाघीस केली, पण ती मी सगळ्यांशीच करतो. केळीच्या धंद्यात हमालीपासून वर आलो, तो गोड बोलून नाही.

गाडी जुनी, पांढरी काँटेसा. एसी कारखान्यातूनच बसून आलेला. तरुणपणी मी शाहपूरला ट्रकमध्ये केळीचे घड भरायचो, तेव्हा तिथल्या एका व्यापाऱ्याकडे अशीच गाडी होती. चिठ्ठी द्यायला गेलो की तो काच चार बोटं खाली करायचा आणि त्या फटीतून गार हवा माझ्या मनगटावर यायची. चिठ्ठी दिल्यावरही मी हात काढत नसे. एकदा हात आत असतानाच त्यानं काच वर घेतली आणि हसला. ते हसू अजून माझ्या डोक्यात आहे. हातात पैसा आल्यावर मी तशीच गाडी शोधून घेतली. तिचा एसी बंद होता, आणि मला तोच एसी चालू करून हवा होता. हवा त्याच जाळ्यांतून यायला हवी होती. डॅशबोर्डखाली डबा लटकवलेला नवा एसी मला नको होता.

बऱ्हाणपुरात थंडाव्याचं कुठलंही काम निघालं की लोक चेंबरच्या मिस्त्रीकडेच जातात. केळी पिकवायच्या खोल्या जो गार ठेवतो, त्याला गाडीचं काय अवघड? मीही तसाच गेलो. त्यानं डॅशबोर्ड खोलला तर आत उंदराचं घरटं, लेंड्या, वाळून चिकटलेली पिल्लं. मी नाकाला रुमाल लावला. त्यानं तोंडातली बिडी न काढता बोटांनीच सगळं ओरबाडून काढलं.

"जुना गॅस आता मिळत नाही, सेठ. गाडीचा नवा गॅस भरायचा तर पाइप, सील, तेल, सगळं बदलावं लागतं."

"बदल. पण गाडीचाच गॅस भर. इकडचा तिकडचा चालणार नाही."

"आईची शपथ, सेठ."

ऐन मे महिन्यात गाडी दारात आली. हवा अशी गार की बायकोनं पदर अंगाभोवती लपेटून घेतला. मिस्त्री आमच्या घरची मावा जिलेबी खात उभा होता. त्या दिवशी त्याच्या तोंडात बिडी नव्हती. मला ते दिसलं, पण कळलं नाही.

आमच्याकडे नवी गाडी आली की पहिली फेरी इच्छापूरच्या इच्छादेवीला. बायकोनं डॅशबोर्डवर देवीचा फोटो लावला आणि अगरबत्ती पेटवायला काडेपेटी काढली.

"वहिनी, आत नका लावू," मिस्त्री लगेच म्हणाला. "डॅशबोर्ड काळा पडतो."

"डॅशबोर्ड माझा आहे. तुझं काय जातं?" मी खेकसलो. "लाव गं तू."

"राहू द्या," बायको म्हणाली. "निघताना भांडण नको. देवीचा डोंगर दिसला की लावते." काडेपेटी तिनं फोटोपुढेच ठेवली.

काचा बंद करून निघालो. शाहपूर मागे पडलं, पुढे डोंगर दिसला. तिनं काडी काढली आणि हात थांबवला.

"अहो, घरी गॅस चालू राहिला का?"

"घर तिकडं राहिलं. वास इथं कसा येईल?"

बोलून गेलो आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी काडेपेटी हिसकावून खिशात कोंबली, गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि चारही दारं उघडली. बरंच थांबून बॉनेट उघडलं. एसीच्या नळीवरचा वाल्व्ह किल्लीनं दाबला. फुस्स झालं आणि नाकात आमचं स्वयंपाकघर शिरलं.

मिस्त्रीला चेंबरवर गाठलं. केळीच्या क्रेटवर बसून तो बिडी ओढत होता.

"स्वयंपाकाचा गॅस भरलास तू माझ्या गाडीत?"

"सगळेच भरतात, सेठ. ठंडी तर आली ना?"

"माझी बायको आत काडी ओढणार होती!"

"म्हणून तर मी बोललो होतो, आत लावू नका. तुम्हीच माझ्यावर भडकले."

बाजूचे हमाल हसले. मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं.

गाडी आता उघडी उभी आहे. गॅस काढून टाकला तरी आत बसलो की मला तोच वास येतो. बायको त्या गाडीत पाय ठेवत नाही. इच्छापूरला ती बसनं जाऊन आली.

मी भडकू माणूस आहे, बऱ्हाणपुरात कुणालाही विचारा. पण मिस्त्री, तुला सगळं ठाऊक होतं. नाहीतर बिडी घरी ठेवून आला नसतास. आमची जिलेबी तोंडात असताना तुला डॅशबोर्ड काळा पडेल हे सांगावंसं वाटलं, आणि आत गॅस आहे हे सांगवलं नाही. मला उत्तर देऊ नकोस. माझ्या घरी ये, ज्यांना वहिनी म्हणालास त्यांच्यासमोर उभा राहा, आणि का सांगितलं नाहीस ते त्यांना सांग.