उस्तादांचे नऊ मजले

उस्तादांचं डोकं गाडीतच फिरलं होतं. तीन तास मागच्या सीटवर, दोन अवजारपेट्यांच्या मध्ये, पाय मुडपून. गुडघ्यांची पार लाकडं झाली, पण "जरा थांबा, पाय मोकळे करतो" म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की पुढचे दोघे एकमेकांकडे बघणार, आणि ते बघणं उस्तादांना सहन होत नसे.

पुढचे दोघे म्हणजे कंपनीचे नवे इंजिनियर. एक ताडमाड उंच, त्याला सगळे जिराफ म्हणत. दुसरी चष्मेवाली. दोघं तिशीच्या आतले, उस्ताद साठीला टेकलेले. लिफ्ट तपासून दाखल्यावर सही करायची, हे काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं, आणि स्वतः हात लावल्याशिवाय एकही सही केली नाही. आता साहेब म्हणत होते, "गुडघे कुरकुरतायत ना? मग ऑफिसात बसा. पोरं बघून येतील, तुम्ही फक्त सही करा." ही फेरी झेपली नाही, तर ते टेबल ठरलेलंच होतं.

इमारत नऊ मजली, लिफ्टचं मशीन गच्चीवरच्या खोलीत. जिराफाने खुशाल लिफ्टचं बटण दाबलं.

"तपासायच्या लिफ्टमधून तपासणाऱ्याने वर जायचं नसतं," उस्ताद म्हणाले. "एवढंही कुणी शिकवलं नाही?"

"काका, सकाळपासून लोक वापरतायत की," चष्मेवाली म्हणाली. "तुम्ही इथे आरामात बसा, मी वरून व्हिडिओ दाखवते."

तिने हे अगदी मायेने म्हटलं, म्हणूनच उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"तुझा आराम तुझ्यापाशीच ठेव," म्हणत ते जिन्याकडे वळले.

एक पाय वर, दुसरा त्याच्या शेजारी, मग कठड्याला हिसका. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांनी साहेबांना शिव्या घातल्या. सहाव्यापर्यंत "वयाचंच आहे" म्हणणाऱ्या डॉक्टरला. सातव्यावर एक बाई म्हणाल्या, "आजोबा, लिफ्ट चालू आहे." उस्ताद म्हणाले, "माहीत आहे." त्यापुढे शिव्या द्यायला माणसंच उरली नाहीत, तेव्हा गुडघ्यांना दिल्या.

वर दोघं कधीच पोचले होते. फॉर्म भरून तयार, फक्त सही बाकी.

"दोर एकदम ठीक आहेत काका, फोटो काढलेत," चष्मेवाली म्हणाली.

उस्तादांनी खिशातून सुती फडकं काढलं. लिफ्ट रिकामी करून अगदी सावकाश चालवायला लावली आणि सरकणाऱ्या पोलादी दोराला फडकं हलकेच धरलं. पहिला दोर गुळगुळीत गेला, दुसराही. तिसऱ्यावर फडकं अडकलं आणि टर्रकन फाटलं.

"थांबव. आता मागच्या बाजूने तारा मोज."

चष्मेवालीने तुटलेल्या तारा मोजायला घेतल्या. अकरावर तिने मोजणं थांबवलं. याच दोरावर लटकून ती वर आली होती.

उस्तादांनी मेन स्विच पाडला आणि तो कुणी परत चालू करू नये म्हणून खिशातलं कुलूप काढलं. जिराफ चाचरत म्हणाला, "तुम्हाला खाली सोडून मग घालू या का?"

उस्तादांनी कुलूप घातलं.

उतरणं चढण्याहून वाईट, हे गुडघे दुखणाऱ्यालाच कळतं. चष्मेवाली एक पायरी खाली उभी राहिली आणि खांदा पुढे केला. त्यांनी तो रागारागानेच धरला. पाचव्या मजल्यावर मात्र ते मटकन पायरीवर बसले, आणि पुन्हा कुठल्या गच्चीवर आपण चढणार नाही, हे त्यांना तिथेच कळलं.

"हाताला अजून सगळं कळतंय," ते दात आवळून म्हणाले. "या दोन दगडांपायी..."

डोळे भरून आले, त्याचाही राग आला. फाटकं फडकं त्यांनी तिच्या हातात कोंबलं.

"पुढच्या वेळी तू चढ. जिन्याने. आणि सहीही तूच कर."

"आणि साहेबांनी ठेवलेलं टेबल?"

"साहेबांनाच बसव त्यावर. न बघता मी सही करणार नाही."

मग उठण्यासाठी त्यांनी तिच्याकडे हात केला. अजून पाच मजले होते.