कुकडीकाठची राख आणि शमीमचे दात

शमीमचा फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या घरात मटार सोलत बसले होते. "बोरीला जाऊ या. गाडी तू चालव," ती म्हणाली. येतेस का, जमेल का, असलं काही नाही. कॉलेजपासून हे असंच आहे.

आम्ही दोघी पुरातत्त्वाच्या एकाच वर्गातल्या. पुढे मी बँकेत चिकटले, नाना पेठेतली शमीम मात्र निवृत्तीपर्यंत माती उकरत राहिली. आता काचबिंदूने तिची नजर झपाट्याने चालली आहे. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगून टाकलंय. थोडंफार दिसतंय तोवर तिला बोरी गावातल्या कुकडीकाठचा राखेचा थर एकदा, शेवटचा, बघायचा होता.

ज्यांना ही राख माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फार फार पूर्वी समुद्रापलीकडे एक ज्वालामुखी फुटला. त्याची राख उडत आपल्या जुन्नर तालुक्यात आली आणि कुकडी नदीने ती काठाला साठवून ठेवली. त्याच काठावर आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. राख नेमकी किती जुनी यावर विद्वान अजून भांडतात. आपण त्यात पडायचं नाही.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा, नदीला पाणी कमी असतं. आणि उजाडायच्या आत पुणं सोडा. चाकणच्या ट्रकांमध्ये अडकलात तर मग माझ्या नावाने बोटं मोडू नका. मंचरला चहा, नारायणगावला मिसळ. तिथून पुढे आळेफाट्याच्या बाजूला विचारत विचारत जायचं. पेट्रोल आणि खाणं धरून दोघींचा दिवस स्वस्तात झाला. रस्ता शेवटचा तुकडा सोडला तर बरा आहे.

मिसळ खाताना शमीमने कांद्याची ताटली चाचपून जवळ ओढली. मी न बघितल्यासारखं केलं. मग कॉलेजात असताना बोरीला केलेल्या उत्खननाच्या कॅम्पच्या गप्पा निघाल्या आणि काय सांगू, दोघी वीस वर्षांच्या झालो. तंबूत गारठून कुडकुडणं, रोजचं पिठलं, आणि शमीमच्या अम्मीने पाठवलेल्या खिम्याच्या डब्यावर पडलेली झुंबड. आमचे सर रात्री शेकोटीपाशी एकच प्रश्न विचारायचे: तुमच्याकडे भाकरी नाही, कोयता नाही, काडेपेटी नाही. आता या काठावर जगून दाखवा.

आम्ही तोंडानेच जगून दाखवायचो. आदिमानवाच्या काळी इथे ऊस नव्हता, उघडं गवताळ रान होतं. पाऊस कधी भरपूर, कधी दडी मारणारा. मग उन्हाळ्यात नदी आटली की डोहात कोंडलेले मासे आणि शिंपले हाताने वेचायचे. उंबरं, बोरं, जमिनीतले कंद. वाघाने सोडलेली शिकार मिळाली तर चंगळच, हाडं फोडायला नदीतले गोटे होतेच. म्हणजे ताटात काय पडणार हे नदी आणि पाऊस ठरवणार, आवडनिवड गेली खड्ड्यात. एक मुलगा म्हणाला होता की तो घर थेट पाण्याच्या कडेला बांधेल. सर म्हणाले, "बांध. पहिल्याच रात्री तू कुणाचं तरी जेवण होशील."

बोरीला पोचलो आणि मी गांगरलेच. आमच्या आठवणीतला काठ कुठे दिसेना. उतार सपाट करून कांदे लावलेले, पलीकडे ऊस. कांदे खुरपणाऱ्या एका बाईंना विचारलं. पार्वताबाई त्यांचं नाव. "पांढरी माती व्हय? आमच्या सासूबाई भांडी घासायच्या तिनं. खाली घळीत बघा, तिथं हाय अजून," त्या म्हणाल्या आणि लगेच बजावलं, "दिवस कलायच्या आत वर या. बिबट्या पाण्यावर येतोय."

शमीम खूश झाली. सरांचा नियम अजून चालू आहे म्हणाली.

मी तिचा दंड धरून तिला घळीत उतरवलं. समोर दरडीत ठळक पांढरा पट्टा. मी जवळजवळ ओरडलेच, सापडला म्हणून. शमीमने हात पुढे केला, मी चिमूटभर माती दिली आणि तिने ती सरळ तोंडात टाकली. हे आमच्या वर्गाचं जुनं शिक्षण. चिकणमाती दाताखाली लोण्यासारखी लागते, गाळ किरकिरतो, ज्वालामुखीची राख म्हणजे बारीक काचच, ती कचकचते, हाड की दगड ते जीभ लावून बघायचं, जुनं हाड जिभेला चिकटतं. (तुम्ही हा उद्योग करू नका. आणि तिथलं काही उकरू नका, उचलू नका.)

ती थुंकली. "ही चुनखडी आहे. बँकवाली ती बँकवालीच."

मग ती हाताने दरड चाचपत पुढे निघाली. चिमूट घ्यायची, चावायची, थुंकायची, पुढे. नाहीच सापडली तर हिला परत कसं न्यायचं? वळणापाशी तिने आणखी एक चिमूट घेतली, आणि चावता चावता थांबली. मलाही ऐकू आलं, बारीक कचकच.

"काच आहे ही. हीच," ती म्हणाली.

राखाडी, मळकट थर होता. मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. शमीमने दोन्ही तळवे त्यावर टेकले, तोंड अगदी जवळ नेलं. मी विचारलं, दिसतंय का? "सगळं दिसतंय," ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच बसून रडून घेतलं. ऊन उतरायला लागल्यावर वर आलो. पार्वताबाईंनी कांद्याची जुडी हातात कोंबली, नको म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन.

"नदी कशी होती ते सांग."

"म्हणजे? तू तर म्हणालीस सगळं दिसतंय."

"तुझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, म्हणून म्हणाले. मला नुसतं धुरकट दिसत होतं. सांग आता."

मी सांगायला लागले. पाणी होतं, ऊस होता, दरड होती. तिने लगेच पकडलं. डोह किती उरलेत? काठाला उंबर आहेत का अजून? राखेच्या वर गोटे आहेत की खाली? मला एकाचंही उत्तर येईना. दिवसभर मी फक्त तिच्याकडे बघत होते.

"दोन धडधाकट डोळे घेऊन गेलीस आणि माझं थोबाड बघून आलीस," शमीम म्हणाली. "रविवारी परत जायचं. आणि या वेळी नीट बघ. यापुढे मला तुझ्याच डोळ्यांनी बघायचंय."