हाड मोडल्याचा आवाज

आमच्या सरकारी रेडिओ केंद्रात नाटकांचे आवाज काढणाऱ्या ठोक्यानं वर्षानुवर्षं माणसं मारली. नाटकात गुद्दा हवा असला की तो कोबीच्या गड्ड्यावर बुक्की हाणायचा, थप्पड स्वतःच्या मांडीवर मारायचा, आणि हाड मोडायचं असलं की बांबूची कामटी ओल्या फडक्यात गुंडाळून माइकपाशी काडकन मोडायचा. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. घरी मात्र झुरळ दिसलं तरी हा वाघ बायकोला हाका मारायचा! नाटक झालं की कोबी घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी भाजी होऊन डब्यातून परत यायचा. "खून झालेली भाजी आलीय रे," असं म्हणत आम्ही तिच्यावर तुटून पडायचो.

मी तिथली निवेदिका. माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून युनियननं मला सेक्रेटरी केलं.

सरकारनं अनुदान तोडलं तेव्हा नव्या साहेबांनी आम्हाला तोंडावर सांगितलं, "प्रक्षेपण बंद पडलं, की मी कुलूप ठोकून मोकळा." सोमवारी आमच्या अर्जावर कोर्टात सुनावणी होती. तोवर केंद्र चालू दिसलं, तर सगळ्यांच्या नोकऱ्या वाचण्याची आशा होती. म्हणून आम्ही संप केलाच नाही. पगार थांबले तरी दिवसपाळी, रातपाळी करून आवाज चालू ठेवला.

रविवारी दुपारी मी नाटकाची घोषणा केली आणि पहिला प्रवेश संपतो न संपतो तोच साहेबांनी पाठवलेले गुंड लोखंडी गज घेऊन आत घुसले. फाटकावरच्या वॉचमनचं डोकं त्यांनी आधीच फोडलं होतं. आमचा नायक, जो नाटकात दहा-दहा जणांना लोळवायचा, टेबलाखाली गेला. ठोक्या मात्र मिक्सरच्या टेबलापुढे आडवा उभा राहिला. त्या टेबलावरची बटणं बंद झाली असती, तर सगळंच संपलं असतं.

"माइक चालू ठेव!" तो माझ्यावर ओरडला. "गाव ऐकू दे!"

पहिला गज त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा बरगड्यांवर. तो खाली पडला, उठला, परत पडला. एकाच्या मनगटाला मी कडकडून चावले, तर त्यानं माझ्या कानावर अशी ठेवून दिली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडात रक्त होतं, त्याचं का माझं कोण जाणे. त्यांच्यातल्या मफलरवाल्यानं ठोक्याचा उजवा हात ओढला, स्टुडिओच्या जाड दाराच्या फटीत धरला आणि लाथेनं दार आपटलं.

काडकन वाजलं नाही. खडू मोडावा तेवढाच आवाज झाला. ठोक्या आधी ओरडलासुद्धा नाही, नुसता हाताकडे बघत राहिला.

टेबलावरचा फोन वाजत होता. कुणीतरी मदतीला येतंय असं वाटून मी झडप घातली.

"ताई, आजची मारामारी झकास!" एक श्रोता म्हणाला. "फक्त ते हाड तेवढं जमलं नाही. खोटं वाटलं."

"अरे मेल्या, खरं आहे ते!" मी किंचाळले.

"वा! म्हणजे निवेदिकापण नाटकात!" असं म्हणून तो हसायला लागला. अख्खं गाव घरात बसून मजेत ऐकत होतं. मला त्या गावाला काडी लावावीशी वाटली.

तेवढ्यात वहिनी आल्या. ठोक्याची बायको. घरी रेडिओवर ऐकून केंद्रामागच्या वसाहतीतून अनवाणी पळत आलेल्या, हातात भाजी चिरायची सुरी. त्यांनी मफलरवाल्याच्या दंडावर वार केला. तो कळवळून मागे सरला, दार सुटलं. वहिनींनी डाव्या हातानं माइक ओढला.

"ऐका. हे नाटक नाहीये. आमच्या ह्यांच्या नाटकात हाड मोडलं की मोठ्यानं वाजतं. आत्ताचं वाजलं नाही, कारण ते त्यांचं स्वतःचं होतं. लाज असेल तर या."

आले. जिन्यावर पावलं धडधडली, आणि मग गुंडांची अशी धुलाई झाली की मफलरवाल्याला आम्हालाच वाचवावं लागलं. "पुरे करा रे," ठोक्या जमिनीवरून म्हणत होता, पण त्याचं ऐकतो कोण? या सगळ्यात माइक एकदाही बंद झाला नाही.

सोमवारी कोर्टानं साहेबांना थांबवलं. नोकऱ्या राहिल्या, नाटक विभागही राहिला. ठोक्याच्या हाताची तीन बोटं कापावी लागली.

आता आवाज वहिनी काढतात, ठोक्या शेजारी बसून शिकवतो. परवाच्या नाटकात एकाचा हात मोडायचा होता. वहिनींनी कामटी ओल्या फडक्यात गुंडाळली, ठोक्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. त्यांनी ती काडकन मोडली.

नाटक संपताच फोन आला. तोच माणूस. आवाजावरूनच ओळखला मी मुडद्याला.

"हां, आज कसं जमलं!" तो म्हणाला. "अगदी खरं वाटलं."

मी फोन आपटला आणि ठोक्याला शोधत बाहेर आले. तो पायरीवर उजवा हात पोटाशी धरून लहान मुलासारखा रडत होता. वहिनी त्याच्या शेजारी बसल्या होत्या, आणि मोडलेली कामटी अजून त्यांच्या हातातच होती.