खालांची मय्यत

हमीदाखाला मेलेल्या बाईशी बोलायच्या. लातुरात त्यांची आणि आमची भिंत एकच. गल्लीतली मुसलमान बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायला खालांनाच बोलावणं यायचं. पाणी ओतण्याआधी त्या सांगायच्या, "बहन, पानी घालून रायले बरं का." मी एकदा भीत भीत विचारलं, "तिला ऐकू येतं का, खाला?" तर म्हणाल्या, "तुला जितेपनी हाका मारल्या तरी ऐकू येत न्हाई. तिचं काय इचारतीस?"

भूकंपात माझी आई गेली. ट्रकमधून आईच्या गावी निघाले, तर खाला न बोलावता शेजारी येऊन बसल्या. आईला मातीतून काढलं तेव्हा एक माणूस ओरडला, "हे मढं तिकडं टाका." मी खाली मान घालून तिच्या केसांतली माती काढत राहिले. खाला त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. "मढं कोनाला म्हन्तो रे? मय्यत हाय ती. मय्यत म्हंजी मेलेलं मानूस. मानूस हाय अजून!" मग त्यांनी आपल्या पदरानं आईचं तोंड पुसलं. आधी तिला सांगून.

पुढं सरकारी कागद आला. मी चौथी शिकलेली, अक्षरं लावत वाचलं, 'मयताचे नाव'. खालांनी कागदावर हात फिरवला. "आमचा अरबीतला शब्द हाय ह्यो. निजामाच्या कचेरीतून तुमच्यात आला आन् ऱ्हायला. तुझ्या आईच्या नावाला बसला बघ."

नंतर गल्लीत क्लासच्या मुली खोल्या घेऊन राहू लागल्या. माझ्याकडची एक डॉक्टर व्हायला आलेली. ती 'बॉडी' म्हणाली की खाला म्हणायच्या, "बॉडी जित्याची बी असती, पोरी." त्याच मुलीनं एकदा शब्दकोशात बघून सांगितलं, मढं हे 'मृत'वरून आलं. अर्थ तोच, मेलेलं. खाला हसल्या, "म्हंजी त्या मानसाला मी उगंच झापलं!" जरा वेळानं म्हणाल्या, "उगंच न्हाई. 'टाका' म्हन्ला व्हता त्यो."

गेल्या महिन्यात खाला गेल्या. आंघोळ घालायला त्यांच्या नात्यातल्या बायका आल्या. मी बोरीचा पाला घातलेलं कोमट पाणी पडद्याबाहेरून देत होते. आत कुणी बोलत नव्हतं. चार माणसांत मी तोवर कधी तोंड उघडलेलं नव्हतं. तांब्या पाण्यात बुडल्याचा आवाज आला. आता न सांगताच ओततील, असं वाटलं आणि मी पडद्याला तोंड लावून म्हटलं, "खाला, पानी घालून रायल्यात बरं का."

आतला तांब्या थांबला. मग एक बाई हळूच म्हणाली, "हां खाला. पानी."